अर्धा इंच माया

चौथा महिना लागला आणि आमची चिऊ गळायला लागली. सकाळी घातलेलं झबलं दहा वाजेपर्यंत छातीपाशी ओलंचिंब, दुपारी दुसरं, संध्याकाळपर्यंत चौथं. घरात येणाऱ्या प्रत्येकाने एकच निदान केलं, "दात येतायत." दात पुढचे दोन महिने आले नाहीत, लाळ मात्र येतच राहिली.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. अडचण आली की आधी मोबाइल उघडायचा, ही बारा वर्षांची सवय. रात्री अकरा वाजता सहा लाळेऱ्यांचा संच मागवला. पुढून हत्ती-जिराफ, मागून प्लास्टिकचं अस्तर, म्हणजे कपडे ओले होणार नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा दारात हजर. कपडे खरंच कोरडे राहिले. पण आठ दिवसांत चिऊच्या मानेच्या वळीत लालभडक पुरळ उठलं आणि ती रात्रीची रडत उठायला लागली.

डॉक्टरांनी मान वर करून पाहिली आणि लगेच ओळखलं. म्हणाले, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बाळाला लाळ जास्त सुटायला लागते, आणि ती गिळत राहायची सवय अजून लागलेली नसते. त्याचा दातांशी संबंध असेलच असं नाही. दीड-दोन वर्षांपर्यंत हे चालू शकतं, त्यात काळजीचं काही नाही. काळजी करायची ती ओलाव्याची. प्लास्टिकमुळे लाळ आणि घाम दोन्ही मानेच्या घडीत अडकून राहतात, हवा लागत नाही, कातडी सोलवटते. साध्या पाण्याने पुसा, टिपून कोरडं करा, वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा आणि सुती लाळेरं वापरा. ओलं झालं की बदला. दिवसाला आठ-दहा लागतील.

मग त्यांनी सहज विचारलं, "घरात कुणाला शिवता येत नाही का?"

मी आईकडे पाहिलं. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

झाकलेलं मशीन

आमचं घर काचीगुड्याचं. आजोबा नांदेडहून इथे नोकरीला आले, तेव्हा मराठवाडा आणि हैदराबाद एकाच संस्थानात होते. नांदेडकडच्या माणसाला शिक्षण, कचेरी, कोर्ट, दवाखाना, सगळ्यासाठी हेच शहर. १९१६ साली बांधलेल्या काचीगुडा स्टेशनात उतरायचं आणि चालत जाता येईल अशा अंतरावर बिऱ्हाड करायचं. काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या पट्ट्यात मराठी घरं अशीच वाढली. मुलं विवेक वर्धिनीत जायची, जी १९०७ पासून इथे मराठी शिकवते आहे. १९५६ साली प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आमच्यासारखी पुष्कळ घरं मात्र राहिली ती राहिलीच.

या घरांमधून एक गोष्ट हमखास असायची, ती म्हणजे शिलाई मशीन. आमच्याकडचं उषाचं काळं पायमशीन आईने जुनं विकत घेतलेलं. सुलतान बाजारातल्या साडीच्या दुकानांतून ती फॉल-पिकोचं काम घरी आणायची. पिशवीभर साड्या, प्रत्येकीला चिठ्ठी टाचलेली. दुपारी आम्ही शाळेतून यायचो तेव्हा जिन्यातच मशीनचा आवाज ऐकू यायचा. माझ्या बीईच्या चार वर्षांची फी बाबांच्या पगारातून आणि त्या साड्यांमधून गेली. किती बाबांची, किती साड्यांची, हा हिशेब घरात कुणी कधी केला नाही. मीही नाही.

२०१२ साली मला नोकरी लागली. पहिला पगार हातात आला तेव्हा मी आईला म्हणालो, "आता हे बंद कर. मुलगा इंजिनिअर आणि आई लोकांच्या साड्यांना फॉल लावते, बरं दिसत नाही." मला वाटलं होतं, मी तिला विश्रांती देतोय. आई "बरं" म्हणाली. मशीनवर भरतकामाची चादर पडली, चादरीवर प्रिंटर आला, प्रिंटर बिघडल्यावर मनीप्लांट आला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये महिनाभर चादर उठली. आईने सगळ्या बिल्डिंगला जुन्या साड्यांचे मास्क शिवून दिले. मग पुन्हा मनीप्लांट.

डॉक्टरांकडून आल्यावरही आई काही बोलली नाही. बायकोची रजा संपत आली होती. मातृत्वाची रजा २०१७ पासून २६ आठवडे झाली आहे हे खरं, पण २६ आठवडे किती लवकर संपतात ते घरात बाळ असलेल्यालाच कळतं. त्यानंतर चिऊ दिवसभर आईकडे राहणार होती. सहाव्या महिन्यात उष्टावण. म्हणजे लाळेच्या जोडीला वरण-भातही येणार. शनिवारी सकाळी मी मनीप्लांट खाली ठेवला, चादर काढली आणि ठरवलं, आपणच शिवू. त्यात काय आहे? दोन तुकडे, एक गोल.

पहिलं लाळेरं

मशीनचा चामडी पट्टा वाळून तुटला होता. तो कोठीतल्या एका मेकॅनिककडून आणून बसवला, छिद्राछिद्रांत तेल सोडलं, चौदा नंबरची नवी सुई लावली. बाबांनी अजून न वाचलेला पेपर उचलून त्यावर माप आखलं: रुंदी नऊ इंच, उंची तेरा इंच, वर चार इंच व्यासाचा गळा. बरोबर त्याच रेषेवर कापड कापलं. दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून जोडले, कडेपासून अर्धा इंच आत टीप मारली, उलटवलं. टीप थोडी नागमोडी होती, पण लाळेरं झालं होतं. चिऊच्या गळ्यात घातलं तर ते हारासारखं खाली लोंबलं. लाळ सरळ मानेवरून झबल्यात. आणि बाकीचं लाळेरं मात्र मापापेक्षा लहान.

मला कळेना. बाहेरून लहान झालं ते समजू शकतो, पण गळा मोठा कसा झाला?

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. लाळेरं हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "माया कुठे सोडलीस?"

शिवणकामात माया म्हणजे शिलाईसाठी रेषेबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होतो, "इथे माया कमी आहे", "माया सोडून काप", पण तो शिवणाऱ्याच्या कानाने कधी ऐकलाच नव्हता.

आईने पेपरवर बोटाने दाखवलं. "बाहेरच्या रेषेला माया बाहेर सोडायची. गळ्याला माया आत सोडायची. गळा कापताना लहान काप, शिवला की तो आपोआप मोठा होतो. तू रेषेवरच कापलास, मग शिलाईने अर्धा इंच खाल्ला."

मी कागदावर गणित मांडलं. चार इंच व्यासाचा घेर १२.५६ इंच. शिलाईत चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच गेला, व्यास पाच झाला, घेर १५.७० इंच. फरक ३.१४ इंच, म्हणजे बरोबर पाय! त्रिज्या अर्ध्या इंचाने वाढली की घेर पाय इंचाने वाढतो, मग गळा चिऊचा असो की हत्तीचा. मी हे मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं. ती म्हणाली, "हौ. म्हणून तर माया सोडायची," आणि आत गेली.

थोड्या वेळाने ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक कापडी पिशवी होती. पिशवीत सहा लाळेऱ्यांचे कापलेले तुकडे होते. वरचं कापड आजीच्या जुन्या नारायणपेठ साडीचं, मरून रंगाच्या बारीक चौकड्यांचं. खालचं आजोबांच्या पंच्याचं. प्रत्येक जोडी टाचणीने टाचलेली, त्यावर खडूच्या रेषा. फक्त शिवायचं बाकी.

"हे कधी केलंस?"

"सुनेला आठवा लागला तेव्हा."

"मग शिवलं का नाहीस?"

"बाळ यायच्या आधी शिवू नये म्हणतात," आई म्हणाली. मग तुकड्यांची चळत सारखी करत म्हणाली, "आणि नंतर तुम्ही सगळं आणलंच होतंत की."

आपल्याकडे बाळंतविडा असायचा. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, लाळेरी, सगळं घरी शिवलेलं, बहुतेक जुन्या कापडाचं. चिऊच्या वेळी आम्ही ते सगळं डब्यांमधून मागवलं. आईने काही शिवलं का नाही, हा प्रश्न मला पडला नव्हता. उत्तर मीच २०१२ मध्ये देऊन ठेवलं होतं. मी म्हणालो, "आई, तेव्हा मी चुकीचं बोललो होतो." ती म्हणाली, "सुईत दोरा ओव आधी. मला आता दिसत नाही."

तुकडे तीन महिन्यांच्या बाळाच्या मापाने कापलेले होते आणि चिऊ आता साडेपाच महिन्यांची होती. मला वाटलं, वाया गेले. पण आईने रेषांच्या बाहेर अर्धा नाही, चांगला इंचभर कापड सोडलं होतं. "किती वाढेल हे आधी कुठे माहीत असतं?" गळा थोडा मोठा कापला, कडेची टीप बाहेर सरकवली आणि सहाच्या सहा लाळेरी तिला बसली. लहानपणी माझ्या शाळेच्या पँटी दरवर्षी खाली उसवून लांब व्हायच्या, तेही याच हिशेबाने.

तुम्हाला करायचं असेल तर

त्यानंतर आठ-दहा शनिवार मी आईच्या देखरेखीखाली शिवलं. मशीन नसलं तरी अडत नाही, हाताने उलटी टीप घातली तर तासा-दीड तासात एक लाळेरं होतं. आमच्या घरी ठरलेली पद्धत अशी.

आधी कापड. वरच्या बाजूला मऊ सुती कापड, खालच्या बाजूला पाणी पिणारं. जुनी सुती साडी, धोतर, पंचा, मलमलीचा ओढणीचा तुकडा, यांच्यासारखं दुसरं काही नाही, कारण शंभरदा धुऊन त्यांची खळ गेलेली असते आणि आटायचं ते आटून झालेलं असतं. बाळाला पहिल्यांदा जुन्याचंच घालायचं या पद्धतीमागे हेच शहाणपण असावं. लाळ फारच असेल तर खाली जुन्या टर्किश टॉवेलचा तुकडा किंवा मध्ये फ्लॅनेलचा थर घाला. नवं कापड घेतलं तर आधी धुऊन वाळवा, मगच कापा. सुलतान बाजारातल्या मॅचिंगच्या दुकानात मी गुळगुळीत चकचकीत कापड बघत होतो, तर दुकानदारच म्हणाला, "वो नक्को साब, पॉलिस्टर है, पानी नहीं पीता. कॉटन लेओ, धो के सुखा के काटो." मरून, लाल, निळ्या रंगांची एक परीक्षा घ्या: पांढरी ओली चिंधी त्यावर जोरात घासा. रंग लागला तर ते कापड बाळाच्या तोंडाशी नको, कारण लाळेरं चोखलं जाणारच.

जाता जाता, नारायणपेठ साडी म्हणून आपल्या आज्यांनी जी आयुष्यभर नेसली, तिचं गाव आपल्या तेलंगणातच आहे. पूर्वी महबूबनगर जिल्ह्यात होतं, २०१९ पासून नारायणपेठ स्वतःच जिल्हा आहे. कपाटाच्या तळाशी अशी एखादी फाटकी साडी असेल तर ती भांडीवालीला देऊ नका.

आता माप. चार ते बारा महिन्यांच्या बाळासाठी तयार लाळेरं नऊ इंच रुंद, तेरा इंच उंच. पेपर तेवढा कापून उभा अर्ध्यात दुमडा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात. वरच्या कडेपासून दीड इंच सोडून चार इंच व्यासाचा गळा आखा. घरात त्या मापाची वाटी सापडतेच. चारही कोपरे बशी ठेवून गोल करा. गोलाच्या वर मधोमध उभी चीर, तिथून लाळेरं गळ्यात घालायचं. आता कापडावर ठेवून आखा आणि माया सोडा: बाहेरून अर्धा इंच बाहेर, गळ्याला अर्धा इंच आत. म्हणजे कापलेला गळा तीनच इंचांचा दिसेल. घाबरू नका. चिरेच्या दोन्ही कडाही अर्धा-अर्धा इंच शिलाईत जातात आणि मागे पट्ट्या इंचभर एकमेकींवर येतात. हे सगळं वजा जाता गळ्यात घेर साडेदहा इंचांच्या आसपास राहतो. लावल्यावर तुमची दोन बोटं आत सहज गेली पाहिजेत. तेवढी गेली की झालं, आणखी सैल नको.

मग शिवण. दोन्ही तुकडे सुलट बाजू आत ठेवून टाचा. खालच्या कडेला तीन इंच जागा सोडून सगळीकडून टीप मारा. आता माया अर्ध्याची पाव इंच करा आणि गळ्याला व कोपऱ्यांना कात्रीच्या टोकाने छोट्या खाचा द्या, टिपेच्या आधी थांबून. या खाचा दिल्या नाहीत तर उलटवल्यावर गोल चुणीदार होतो. माझी दोन लाळेरी तशी झाली, ती आता स्वयंपाकघरात गरम पातेली उचलायला आहेत. सोडलेल्या जागेतून उलटवा, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने कोपरे बाहेर काढा, इस्त्री फिरवा आणि सगळीकडून वरून एक टीप मारा. सोडलेली जागाही त्यातच बंद होते. उलटवायचा कंटाळा असेल तर कडांना उरेब पट्टी, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी लावता येते. तिला गोलावर वळायला अडचण येत नाही. त्या पद्धतीत मात्र कडेला माया सोडायची नाही, गळाही तयार मापाचाच कापायचा.

मोठ्या मुलांचं, म्हणजे एक ते तीन वर्षांच्यांचं लाळेरं अकरा बाय पंधरा इंच करा, गळा साडेचार इंच, आणि खालचा अडीच इंच भाग वर दुमडून दोन्ही कडांना शिवून टाका. झाला खिसा. पोह्यांचे दाणे, डाळिंबाचे दाणे, चमच्यातून निसटलेली खिचडी, सगळं त्यात पडतं. आपल्या हाताने जेवायला लागलेल्या मुलाच्या आईबापांना हा खिसा किती मोठा आधार आहे, ते जेवणानंतर फरशी पुसणाऱ्याला विचारा.

बंद, टिचबटण की व्हेल्क्रो

आईच्या काळी लाळेऱ्याला मागे बांधायचे बंद असत. इथे मात्र मी अडून बसलो. लांब बंद कशात तरी अडकून गळ्याला फास बसू शकतो. मुलांच्या कपड्यांसाठीच्या युरोपातल्या नियमांत सात वर्षांखालच्या मुलांच्या गळ्याशी किंवा टोपीला ओढायची नाडी चालत नाही, ती याच भीतीने. आई म्हणाली, "आमच्या वेळी कुणाला काही झालं नाही." मी म्हणालो, "आमच्या वेळी बाळ दिवसभर कुणाच्या तरी मांडीवर असायचं." यावर ती विचारात पडली आणि मग म्हणाली, "ते खरं आहे."

आम्ही व्हेल्क्रो लावतो. ओढलं की सुटतो, हे त्याचं मोठं सुख. मऊ बाजू मानेकडे आणि खरखरीत बाजू बाळाच्या कातडीला न लागेल अशी. धुताना चिकटवून ठेवा, नाहीतर तो सगळ्या कपड्यांचे धागे ओढतो. टिचबटण लावलंत तर घट्ट बसवा आणि दर आठवड्याला ओढून बघा. मणी, टिकल्या, शोभेची बटणं मात्र कितीही सुंदर दिसली तरी नकोत. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक नळी वापरतात, साधारण ३२ मिलिमीटर व्यासाची. जी वस्तू त्या नळीत पूर्ण मावते ती घशात अडकू शकते असं धरतात. शोभेचं कुठलं बटण त्यात मावत नाही?

आणि एक नियम, ज्याला आमच्या घरात सूट नाही: झोपवताना लाळेरं काढायचं. दुपारच्या पाच मिनिटांच्या डुलकीलाही. गाडीच्या सीटमध्ये किंवा बाबागाडीत बाळ झोपलं तरीही. जागेपणी, कुणाचं तरी लक्ष असताना घालायची ही वस्तू आहे.

धुण्याचंही थोडं तंत्र आहे. दुधाचा डाग आधी थंड पाण्यात. गरम पाण्याने तो पक्का होतो. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण लाळेऱ्यांना नको, त्याने कापड पाणी प्यायचं बंद करतं. हळदीचा डाग राहिला तर वैतागू नका. धुऊन ओलंच कडक उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत हळद फिकी होत जाते. हैदराबादचं ऊन अशा वेळी कामी येतं.

मानेवरचं पुरळ प्लास्टिक सोडल्यावर आठवड्याभरात गेलं. तुमच्या बाळाचं गेलं नाही, त्यात पांढरे चट्टे किंवा पाणी दिसलं, बाळाला ताप आला, तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

उष्टावण

चिऊच्या उष्टावणाला चांदीची वाटी होती, नांदेडहून आत्या आली होती, फोटो काढणारा भाऊ होता. नव्या परकर-पोलक्यावर आईने नारायणपेठचं लाळेरं बांधलं. कुणीतरी म्हणालं, "अगं, फोटोपुरतं तरी काढ ते, पोलकं झाकलं जातंय." बायको म्हणाली, "राहू द्या, तेच फोटोत यायला हवंय." पहिला घास अर्धा आत गेला, अर्धा मरून चौकड्यांवर आला.

पुढच्या सोमवारी बायको ऑफिसला गेली. मीही नारायणगुड्याहून मेट्रो पकडली. संध्याकाळी परतलो तेव्हा जिन्यात मशीनचा आवाज येत होता. कितीतरी वर्षांनी. क्षणभर वाटलं, पाठीवर दप्तर आहे. वर गेलो तर चिऊ बाबांच्या मांडीवर बसून चाक फिरताना बघत होती आणि आई खालच्या मजल्यावरच्या तेलुगू शेजारणीच्या नातवासाठी लाळेरं शिवत होती. शेजारीण समोर खुर्चीत बसून भेंडी चिरत होती. आईच्या अंगठ्याचा सांधा दुखतो, त्यामुळे ती तासाभराच्या वर बसत नाही. कापणं तिचं, दोरा ओवणं बाबांचं, शनिवारच्या लांब टिपा माझ्या.

या लेखासोबत मी मापाचं चित्र देणार होतो, पण आई म्हणाली, "चित्र नको. ज्याच्या त्याच्या घरात वाटी वेगळी असते." तेव्हा चित्र नाही. माझं एवढंच सांगणं आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कोपऱ्यात एक मशीन असेल, त्यावर चादर आणि चादरीवर काहीतरी ठेवलेलं. ते खाली उतरवा. "आई, आता कशाला त्रास घेतेस" असं म्हणू नका. तिच्या शेजारी स्टूल ओढून बसा आणि म्हणा, "मला शिकव." पहिलं लाळेरं बिघडेल. दुसऱ्याला गळ्याची माया आत सोडा.